टेंगूळ आलेले सहा ठोकळे

यंत्रात तिसरा ठोकळाही पहिल्या दोघांच्याच दाबाच्या आकड्याला फुटला, तेव्हा तपासनीस बाईंच्या मनात पाल चुकचुकली. काँक्रीट म्हणजे काय गिरणीतलं कापड आहे, सगळं एकसारखं निघायला? एकाच घमेल्यातलं भरलं तरी थोडं खाली-वर होतंच. बारा वर्षं सरकारी प्रयोगशाळेत ठोकळे फोडण्यात गेली होती त्यांची. इतकं गुणी काँक्रीट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

ठोकळे नव्या शाळेच्या स्लॅबचे होते. स्लॅब ओतताना साइटवरच त्यातलं काँक्रीट सहा साच्यांत भरायचं, दुसऱ्या दिवशी साचे सोडवायचे, ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे, अशी रीत. सोमवारी शाळा उघडणार होती. बाईंची धाकटी त्याच स्लॅबखाली पहिलीत बसणार होती. अहवालावर सही तेवढी राहिली होती आणि सकाळपासून साहेबांचा तिसरा निरोप आला होता. एवढी कसली घाई लागली होती मेल्यांना?

चौथा ठोकळा उचलताना बोटाला काहीतरी लागलं. कोपऱ्याजवळ वाटाण्याएवढं टेंगूळ. पाचव्यालाही तेच, सहाव्यालाही. बाईंनी फुटलेल्या तिघांचे तुकडे उलटेपालटे करून पाहिले. होतंच! म्हणजे सहाही एकाच साच्यातून निघाले होते, आणि सहांवर तारीख मात्र एकच. एका साच्यातून एका दिवसात सहा ठोकळे निघतील कसे?

आधी संशय ठेकेदारावर गेला, मग ठोकळे आणणाऱ्या ड्रायव्हरवर. मग आठवलं, आतून खळगा पडलेला साचा आपल्याच मागच्या खोलीत आहे! त्या खोलीची किल्ली एकट्या मुकादमाकडे असायची.

मुकादम म्हणजे काका. यंत्राला हात कसा लावायचा, इथपासून त्यांनीच बाईंना शिकवलेलं. बाई अहवाल काखेत मारून, सहावा ठोकळा घेऊन मागे गेल्या, तेव्हा ते साच्यांना तेल लावत बसले होते.

"काका, हे तुम्ही भरलेत."

"काहीतरीच काय! साइटवरून आलेत ते."

बाईंनी ठोकळा खळग्याच्या साच्यात सरकवला. टेंगूळ खळग्यात बरोबर बसलं.

"तुमचा हात फार साफ आहे," बाई म्हणाल्या. "सगळे सारखेच फुटले. तिथेच सापडलात."

काकांनी फडकं खाली ठेवलं. "साहेबांनी सांगितलं. रोज एक भरला, चांगलं सिमेंट घालून. चार महिने राहिलेत गं माझ्या निवृत्तीला."

"आणि खरे ठोकळे?"

"हातात कुसकरत होते."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि त्या स्लॅबखाली पोरं बसवणार तुम्ही?"

"तू सही करून मोकळी हो. तुझ्या धाकटीला तेवढं दुसऱ्या शाळेत घाल." काका मान खाली घालून म्हणाले, "मी नातवाचं नाव कालच काढलं."

बाईंनी तिथेच अहवालावर लिहिलं, 'नमुने बनावट, स्लॅब धोकादायक', आणि खाली सही ठोकली.

"चला साहेबांकडे. नातवाचं नाव का काढलंत, ते तुमच्या तोंडानं सांगा."

बाईंनी आतल्या ठोकळ्यासकट तो लोखंडी साचा उचलायला घेतला. एकटीला तो झेपेना. काका बराच वेळ तेलकट हात पुसत बसले. मग उठले आणि त्यांनी साच्याची दुसरी बाजू धरली.