अर्धा सूर वर

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लात कुणालाही विचारा, लॅन्स क्विल्टीचा तो सूर किती उंच होता. एक जण सांगेल, गावातल्या क्लबाच्या खिडक्यांना तडे गेले. दुसरा सांगेल, बंदरावरचे सीगल पक्षी घेरी येऊन हिरवळीवर पडले आणि माझ्या मामानं त्यातले दोन भाजून खाल्ले. तो मामा थापाड्या होता, पण सूर खरा होता. 'लास्ट बस टू वॉरावॉन्ग' या पंच्याहत्तर सालच्या रेकॉर्डवर तो आजही ऐकू येतो. गाणं दोन मिनिटं एकोणसाठ सेकंदांचं. शेवटच्या ओळीत लॅन्सचा आवाज जो वर चढतो, तो उतरायचं नाव घेत नाही.

लॅन्सपाशी आता तेवढा एक सूरच उरला होता. बाकी सगळं घशानं नेलं होतं. घशाची तीन ऑपरेशनं झाली, बँड मोडला, आणि तो बोलू लागला की पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं वाटे. चोवीस वर्षं त्यानं क्लबाच्या हिरवळीवर गवत सपाट करायचा रोलर फिरवला. लोक हळहळले तर म्हणायचा, "एकदा लागला होता ना? बऱ्याच जणांना एकदाही लागत नाही." एवढं म्हणून तो गडी पुन्हा रोलरला भिडायचा.

शनिवारी गाण्याची पन्नाशी होती. लॅन्सनं नुसतं माइक धरून उभं राहायचं, गाणार सारा गाव. त्या तयारीसाठी मंगळवारी दुपारी तो आणि नेव्ह ओकशॉट क्लबाच्या मागच्या खोलीत बसले होते. नेव्ह बँडचा बेसवाला आणि लॅन्सचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या मांडीवर बेस गिटार होती आणि पोट तिच्यावर सांडलं होतं.

"गिटार दिसत नाही रे तुझी," लॅन्स म्हणाला.

"तुझा आवाज तरी कुठं दिसतो? जोडी जमली."

तेवढ्यात रेडिओवाली ब्रॉन्विन आली. या गाण्याचा इतिहास ती शनिवारच्या कार्यक्रमात सांगणार होती. तिच्या हातात टेपचा चपटा, डाग पडलेला डबा होता.

"लॅन्स, तुमचं रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर वारला ना, त्याच्या मुलीला गॅरेजमध्ये सापडली. मूळ टेप आहे. मी कॉपी करून आणलीय. पण आधी तुम्ही दोघं ऐका. मग वाजवायची की नाही ते तुम्ही सांगा."

"त्यात सांगायचं काय?" लॅन्स म्हणाला. "लाव की, बाई."

नेव्हनं मात्र बिअरचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

ब्रॉन्विननं फोनवर कॉपी लावली. गाणं तेच होतं, पण बस भरून चढाला लागावी तसं जरा जड चाललं होतं. गाणारा तरुण होता. आवाज भरलेला, रुंद. शेवटची ओळ आली, आवाज वर गेला आणि तिथं आरामात, पाय सोडून बसला.

"हा कोण गातोय?" लॅन्सनं विचारलं.

 ब्रॉन्विन हळूच म्हणाली, "तुम्हीच."

डब्यावर इंजिनिअरनं पेन्सिलीनं सगळं लिहून ठेवलं होतं. गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांचं झालं होतं आणि रेडिओवाले तिनाच्या वर काही वाजवत नव्हते. तेव्हा टेप ओढणाऱ्या दांडीला त्यानं चिकटपट्टीचे वेढे दिले. दांडी जाड झाली, टेप पळायला लागली, अकरा सेकंद वाचले. बँडची पोरं तेव्हा समोरच्या पबात पीत बसली होती. टेप पळाली तसा सूरही चढला. पेटीवर सांगायचं तर पांढरी पाचातलं गाणं काळी चारात गेलं. हा अर्धा सूर इंजिनिअरनं लावला होता, लॅन्सनं नाही.

लॅन्सनं डब्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. "पण आम्ही तर रोज काळी चारातच वाजवायचो."

"रेकॉर्डिंगनंतर लगेच तुमचा गिटारवाला माउंट आयझाच्या खाणीत कामाला गेला ना?" ब्रॉन्विन म्हणाली. "नव्या गिटारवाल्यानं गाणं रेकॉर्डवरूनच बसवलं असणार."

"सगळेच बसवतात. पण नेव्ह तर पहिल्यापासून—"

नेव्ह खिडकीकडे बघत होता.

"नेव्ह, रेकॉर्डिंगच्या वेळी तुझी बेस तर पांढरी पाचाला लावलेली होती."

"होती."

"मग?"

"रेकॉर्ड घरी आणली त्याच दिवशी कळलं. साथीला वाजवायला गेलो तर जुळेना. इंजिनिअरला फोन केला, तो हसला." नेव्हनं नाक पुसलं. "नवा पोरगा गिटार वर लावून आला, तशा मीपण गपचूप खुंट्या पिळल्या."

"चार वर्षं गप्प राहिलास?"

"चार वर्षं. अरे, पबात लोकांना रेकॉर्डवरचंच हवं असायचं. खालच्या सुरात गायला असतास तर कॅन फेकून मारले असते."

"मी रक्त थुंकत होतो, लेका."

"ठाऊक आहे. ज्यात थुंकायचास तो बिअरचा जग मीच धुवायचो." नेव्हचा आवाज बारीक झाला. "पण स्टेजवरून उतरलास की म्हणायचास, आज जवळजवळ लागला होता, नेव्ह, उद्या नक्की लागतो. इतका खूश असायचास. कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग पहिलं ऑपरेशन झालं. त्यानंतर सांगून काय करणार होतो?"

ब्रॉन्विननं डबा उचलून घेतला. "मी हे वाजवणार नाही. शनिवारी जसं ठरलंय तसंच होऊ दे."

"वाजव," लॅन्स म्हणाला. "चांगला गात होता तो. सहज गात होता. आणखी वीस वर्षं गायला असता."

त्यानं खुर्ची नेव्हच्या जवळ ओढली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले.

"उतरव."

"लॅन्स, जाऊ दे ना आता."

"पांढरी पाचाला उतरव म्हणतो. एकदा बघू दे."

नेव्हनं चारही खुंट्या फिरवल्या आणि शेवटच्या ओळीचा सूर दिला. लॅन्स ताठ बसला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आतून फाटक्या भात्यासारखी नुसती हवा आली. त्यानं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवा.

"अजून उंच आहे," तो म्हणाला. "उतरव."

नेव्हनं उतरवली. हवा.

"अजून."

नेव्हच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण नाही म्हणायची त्याची सोय उरली नव्हती. तो एकेक खुंटी सोडत गेला. तारा सैल पडल्या, लाकडावर लोळायला लागल्या. आता त्यांतून सूर कसला, नुसता खडखडाट येत होता. लॅन्स मान तिरकी करून, कान देऊन, आपली जागा शोधत होता.

"थोडीशी अजून," तो म्हणाला. "आलंच आता."