मिस्टर प्रिचर्डचा दुसरा नाश्ता

श्रीनिवासने तिसरं थालीपीठ आणलं तेव्हा मिस्टर प्रिचर्डनी प्लेटवर पंजा आडवा धरलेला होता. आडव्या पंजाखालून वाढायचं कसब श्रीनिवास पुण्यातल्या लग्नांमधून शिकला होता. थालीपीठ बोटांखालून अलगद आत गेलं. वर त्याने लोण्याचा गोळा ठेवला.

"व्हेरी काइंड," मिस्टर प्रिचर्ड म्हणाले.

"तुम्ही काही खातच नाही."

मिस्टर प्रिचर्डनी खिडकीबाहेर पाहिलं. हिरवळीवर पाचसहा मेंढ्या चरत होत्या. रोज त्या मेंढ्यांकडे पाहून ते काहीतरी बोलायला तोंड उघडत. आणि उघडलेलं तोंड म्हणजे भूक, हे श्रीनिवासच्या घरात पिढ्यानपिढ्या ठरलेलं होतं.

जेवणघरातली बाकीची टेबलं मांडून तयार होती आणि रिकामी होती. वेल्सच्या हद्दीला टेकलेल्या या खेड्यातलं गेस्टहाउस श्रीनिवास आणि मंजिरीने गेल्या शरदात घेतलं. आयुष्यभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळल्यावर श्रीनिवासला आता माणसं सांभाळायची होती. मंजिरीने एकच अट घातली. ईस्टरपर्यंत बघायचं. तोवर जम बसला नाही तर मुकाट्याने परत लंडनमधलं पिनर, जिथे मुलगी ऋजुता होती, नात मायरा होती आणि कढीपत्ता चालत जाऊन आणता येत होता.

ईस्टर आता तोंडावर आला होता. फाटकावर 'व्हेकन्सीज'ची पाटी होती. जागा भरल्यावर तिच्यापुढे अडकवायचा 'नो' अजून कागदात गुंडाळलेलाच होता. हिवाळ्यात आलेल्या एका जोडप्याने इंटरनेटवर लिहिलं होतं, की उशा उत्तम, पण आम्ही खात असताना मालक शेजारी उभे राहून बघत होते. यात तक्रार नेमकी कुठे आहे, हे श्रीनिवासला बराच शोध घेऊनही कळलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी मिस्टर प्रिचर्ड दारात उभे राहिले, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा. आठवडाभराने मंजिरी चादरी हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"अहो, वरच्या एकाही गादीला सुरकुती नाही. हे गृहस्थ झोपतात कुठे?"

"म्हणजे? तू नाही का त्यांना खोली दिलीस?"

"मी कशाला देऊ? दार तुम्ही उघडलंत. मला वाटलं, तुमच्या ओळखीचे असतील."

"माझ्या ओळखीचं इथे आहे कोण?"

यावर मंजिरीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने चादरीची घडी पुन्हा घातली.

"विचारून टाका मग त्यांना."

"आठवडाभर पंगतीला बसलेल्या माणसाला, आपण कोण, म्हणून विचारू?"

"नाही विचारता येणार," तिने कबूल केलं.

विषय तिथेच थांबला आणि नाश्ता चालू राहिला. श्रीनिवास सकाळी इस्त्रीचा शर्ट घालू लागला, भाजणी संपली की ईलिंगच्या देशी दुकानातून मागवू लागला, टेबल लावताना गुणगुणू लागला. अर्थात हे सगळं मंजिरीसाठी, असं त्याचं मत होतं. रोज तवा ठेवण्याआधी ती विचारायची, "आले का?" आणि ते आले म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. पिनरचा विषय तिने हल्ली काढला नव्हता. हा म्हातारा आहे तोवर मंजिरी इथे आहे, असा हिशेब त्याने मनाशी पक्का केला होता.

त्या दिवशी भांडी आवरून तो फाटकावरची पाटी पुसत असताना एक बाई कुत्र्याला घेऊन थांबल्या. आधी त्या हवेबद्दल बोलल्या. मग पुन्हा हवेबद्दल.

"मी ग्लिन प्रिचर्डची बायको," त्या शेवटी म्हणाल्या. "राग मानू नका, पण तुम्ही त्याला सोडाल का?"

"सोडू?"

"तो उठल्या उठल्या घरी नाश्ता करतो. मग तुमच्याकडे येतो. डॉक्टर वैतागलेत. पहिल्या दिवशी तो फक्त मेंढ्या न्यायला आला होता हो."

"कुठल्या मेंढ्या?"

बाईंनी हिरवळीकडे पाहिलं. श्रीनिवासनेही पाहिलं. गवत वाढलं की कौन्सिल मेंढ्या सोडत असेल, अशी त्याची समजूत होती, आणि या देशाच्या कारभाराचं त्याने मनोमन कौतुकही केलं होतं.

"कुंपण मोडलं होतं. तेच सांगायला तो आला, तर तुम्ही खुर्ची पुढे केलीत. निघताना तुमच्या मिसेस म्हणाल्या, पुन्हा या. रोज म्हणतात, पुन्हा या. इतक्या प्रेमाने बोलावल्यावर नाही कसं म्हणणार माणूस?"

श्रीनिवासने समजावून सांगितलं, की आमच्यात घरातून निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. इंग्रजीत ऐकताना ते त्याचं त्यालाच पटेना.

"म्हणजे यायचं नसतं?" बाईंनी विचारलं.

"यायचं असतं. रोज नसतं."

"आणि हे समोरच्याला कळतं कसं?"

श्रीनिवासने पाटी पुन्हा एकदा पुसली. "मी बोलतो त्यांच्याशी," तो म्हणाला.

मंजिरीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी कोट चढवून तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. 'उद्यापासून येऊ नका' हे वाक्य त्याने मराठीत जुळवून पाहिलं, मग इंग्रजीत. दोन्हीकडे ते उद्धटच वाटलं. शिवाय ते बाहेर पडलं, तर त्याच्या मागोमाग पिनरच होतं. तेवढ्यात टोपी घातलेले मिस्टर प्रिचर्ड काठी टेकत वळणावरून आले.

"मिस्टर प्रिचर्ड, तुमच्या मेंढ्या."

"हो. मी बोलणारच होतो."

"आणि उद्यापासून तुम्ही नाही आलात, तरी आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

मिस्टर प्रिचर्डनी बूट पायपुसण्यावर घासल्यासारखे रस्त्यावरच घासले. "हे तुमच्या मिसेसनी मला गेल्या आठवड्यात सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"की ती निरोप द्यायची पद्धत आहे. फार अवघडल्या होत्या बिचाऱ्या. मग म्हणाल्या, तरी जमेल तसे थोडे दिवस या. हिवाळाभर तुम्ही म्हणे कुणाशी धड बोलला नाहीत. आता सकाळी गाता." त्यांनी टोपी सारखी केली. "गाणं बरं नाही, असंही म्हणाल्या."

श्रीनिवासने फाटक उघडलं. 

स्वयंपाकघरात मंजिरी ओल्या फडक्यावर थालीपीठ थापत होती.

"आले का?" तिने मान वर न करता विचारलं.

"आले."

तिचा चेहरा उजळला. तो चेहरा त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिला. मग एकच थालीपीठ घेऊन बाहेर गेला, मिस्टर प्रिचर्डच्या प्लेटमध्ये ठेवलं आणि मागे सरून कपाटाजवळ उभा राहिला. मिस्टर प्रिचर्डनी ते संपवलं आणि सवयीने प्लेटवर पंजा आडवा धरला. श्रीनिवास हलला नाही. मिस्टर प्रिचर्डनी पंजा जरासा उचलून खाली पाहिलं. प्लेट रिकामीच होती. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आपलं काही चुकलं का, असा त्यांचा चेहरा झाला.

श्रीनिवास आत गेला.

"मंजिरी, ईस्टरचं काय करायचं?"

"ऋजुताला आणि मायराला इकडेच बोलावलंय," ती कालथ्याने थालीपीठ उलटत म्हणाली. "मायराला मेंढ्या बघायच्यात. त्यांना म्हणावं, तोवर नेऊ नका." तिने थालीपीठ बशीत काढून त्याच्या हातात दिलं. "हे घ्या. अर्धंच आहे."

तो बाहेर आला. मिस्टर प्रिचर्ड खिडकीबाहेर बघत होते. प्लेट टेबलाच्या कडेला सरकली होती. पंजा अजून तिच्यावर आडवाच होता, पण बोटांखाली या वेळी चांगली ऐसपैस जागा सोडलेली होती.