कांजूरच्या गोठ्याची भिंत

चंद्रप्रकाश खवणेकर रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी कॅमेरा घेतला आणि बायकोच्या, जानकीच्या, हातात स्टँड दिला. तेव्हापासून अकरा वर्षं दर रविवारी दोघं घाटकोपरहून निघायची ती जुन्या गोठ्यांच्या शोधात. मुलुंड, मालाड, जिथे म्हणून पत्र्याला गंज आणि फळ्यांना वाळवी, तिथे हे हजर. एकोणचाळीस गोठे झाले होते. चाळीस झाले की शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन, असा त्यांचा पण होता.

नियम एकच. फोटोत माणूस नको, जनावर नको. जिवंत काही आलं की गोठ्याकडे कोण बघतंय, असं ते म्हणत. त्यामुळे या कॅमेऱ्यातून जानकीचा एकही फोटो निघाला नव्हता. तिच्या सीनियर सिटिझनच्या कार्डावरचा फोटो भाचीच्या लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला. त्यात तिच्या कानाशी व्याह्यांचा खांदा होता. कार्ड तपासणारा आधी खांद्याकडे बघायचा, मग तिच्याकडे. आपला एक धड फोटो असावा, एवढंच तिचं मागणं होतं. "काढू की गं," हे उत्तर तिला आता पाठ झालं होतं.

चाळिसावा गोठा कांजूरमार्गला सापडला. पुढच्या आठवड्यात तो पाडून तिथे टॉवर उठणार होता. गोठा इतका झकास मोडका, की चंद्रप्रकाश चप्पल काढून उभे राहिले. पश्चिमेची भिंत बाहेर झुकलेली, आणि तिला बाहेरून अंग लावून एक म्हैस उभी.

"हिला जरा हलवता का?" त्यांनी मालकाला, राजारामला, विचारलं.

"कशी हलवू साहेब? ड्यूटीवर आहे ती."

राजारामने सगळं समजावून सांगितलं. भिंत चार वर्षांपूर्वीच सुटली होती. या म्हशीला, इरावतीला, भिंतीला अंग घासायची सवय, म्हणून टिकली. दुपारी चारपर्यंत इरावती, पुढे दुसरी म्हैस, वसुधा. इरावती व्याली तेव्हा वसुधाने डबल पाळी केली. चंद्रप्रकाशांचे वडील गिरणीत होते, त्यामुळे त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही. फक्त एवढंच विचारलं, की बदलीच्या वेळी काय?

"तेव्हा मी आत जाऊन भिंतीतल्या खिडकीचे गज धरतो नि मागे ओढतो. पण आज दोघींना लांब न्यायचं, तर मला बाहेर राहावं लागेल." राजारामने चंद्रप्रकाशांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो जानकीकडे वळला. "वहिनी, तुम्ही धरा."

"मी काय म्हयस आसंय?" जानकी नवऱ्याला म्हणाली. राग आला की ती मालवणीवर यायची.

"पाचच मिनिटं गं. चाळिसावा आहे."

ती आत गेली. गज धरून तिने अंग मागे टाकलं. बाहेर इरावती हलली, तशी भिंत तिच्या हातांत आली आणि खांदे भरून आले.

"बोटं दिसतायत," बाहेरून आवाज आला.

"दिसू देत."

"आत घे ना जरा."

"आत घेतली तर भिंत बाहेर येईल."

यावर चंद्रप्रकाशांनी खरोखर विचार केला. मग ऊन ढगाआड गेलं, ते परत यायची वाट बघितली. पाचाची वीस मिनिटं झाली. गजांमधून जानकीला नवरा दिसत होता, एक डोळा मिटून तिच्याच दिशेने मायेने बघणारा. तिला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, की ती माया भिंतीवर आहे. तिला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी मुलाने, सुयोगने, कंप्युटरवर ती बोटं दोन मिनिटांत पुसून टाकली. जानकी मागे उभी राहून बघत होती.

प्रदर्शन भरलं तोवर गोठा जमीनदोस्त झाला होता. चाळिसाव्या फोटोपुढे सगळ्यांत जास्त गर्दी. किती शांत, माणसाचा मागमूस नाही, असं जो तो म्हणत होता. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून राजाराम आला. त्याने फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनींची बोटं कुठे गेली?"

"पुसली," चंद्रप्रकाश अभिमानाने म्हणाले.

"मग धरलंय कोणी?"

असं म्हणून राजारामने पश्चिमेच्या बाजूने फ्रेमला पंजा लावला, तो काही केल्या काढेना. लोकांनी समजावलं, खुर्ची दिली, चहा दिला. चहा त्याने डाव्या हाताने घेतला. गोठा तर कधीच पाडला, असं कोणीतरी सांगितलं, तर म्हणाला, "म्हणूनच हा तरी राहू दे." हळूहळू बाकीच्यांनाही भिंत झुकल्यासारखी वाटू लागली. एका बाईने आपल्या नातीला मागे ओढलं.

चार वाजले. राजारामला दुसरीकडे हलवलेल्या म्हशींच्या धारा काढायला जायचं होतं आणि तो कासावीस झाला. जानकी खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि फ्रेमला हात लावला.

"सरका भाऊ. बदली आली."

राजाराम निश्चिंत होऊन निघून गेला. चंद्रप्रकाश मात्र जागचे हलले नाहीत. कधी तिच्या बोटांकडे, कधी फोटोतल्या गजांवरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका ओशाळलेला जानकीने कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि जवळ आले, इतके जवळ, की फोटोत गोठा मावणंच शक्य नव्हतं.

"जराही हलू नकोस," ते म्हणाले.

"हलले असते," जानकी म्हणाली, "तर तुमचे चाळीस झाले असते?"