वीतभर वर

हणमंतराव नौदलातून निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा गीताबाईला वाटलं, आता आपलं वाट बघणं संपलं. लग्नानंतरची सगळी वर्षं तो आधी कोचीला, मग कारवारला. आणि ती इकडे हुमनाबादजवळ, तुरीच्या रानात. सुट्टीला यायचा, पेरणी आटपली की निघायचा. आता तो कायमचा घरी होता. पण जेवताना मध्येच त्याचा हात थांबायचा. बांधावर उभा राहिला तरी पीक बघायचा नाही, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा. समोर बसलेल्या माणसाची आठवण येते, हे सांगावं तरी कुणाला?

पोळ्यानंतर त्याने कारवारहून, तिकडं तो सुट्टीच्या दिवशी चालवायचा तसली, एक जुनी, लहानशी शिडाची होडी लॉरीत घालून आणली. गावाजवळचं धरण तुडुंब भरलं होतं. गाव हसलं. गीताबाईला हसू आलं नाही. रोज तो एकटाच पाण्यावर जायचा आणि ती पुन्हा पहिल्यासारखी घरात मागं राहायची.

एका सकाळी ती त्याच्या पाठोपाठ काठावर गेली.

"मलाबी घेऊन चला."

"तुला? पोहता तर येत न्हाई."

"तुमाला येतंय की."

 मग त्याने तिच्या अंगात तरंगतं जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि तिला होडीत बसवलं. दोर ओढून शीड डोलकाठीच्या टोकापर्यंत नेलं. शिडाच्या तळाचा आडवा दांडा, तो त्याला बूम म्हणायचा, तिच्या कपाळासमोर येऊन डुलू लागला.

"हे लागंल की डोक्याला!"

"मी एकटाच असतो न्हवं. वाकायची सवय हाय मला." त्याने दांडा अडकवलेली खीळ काढली, दांडा डोलकाठीवर वीतभर वर सरकवला आणि खीळ पुन्हा घातली. "आता बस निवांत."

दांडा डोक्यावरून गेला खरा, पण शीड ढिलं पडलं. डोलकाठीजवळ त्याला आडव्या चुण्या पडल्या. वारा चांगला होता, तरी होडी दमलेल्या म्हशीसारखी रेंगाळत निघाली.  एक हात सुकाणूवर ठेवून हणमंतराव त्या चुण्यांकडे बघत होता. तोच चेहरा. बांधावरचा.

"अशी कामून चालायलीय ही?"

"कापड ताणलेलं न्हाई. दांडा खाली ओढला की ताण बसतो. राहू दे, तुला लागंल."

"घ्या खाली," गीताबाई म्हणाली. "मी वाकते."

"वळताना दांडा जोरात येतो, गीता."

"मग आधी सांगा. तुमी सांगितल्यावर वाकायला काय झालंय मला?"

त्याने होडीचं नाक वाऱ्याकडे केलं, खीळ काढली, दांडा दाबून खाली बसवला आणि खालचा दोर आवळून बांधला. चुण्या एकदम गेल्या. होडी कलली, पाणी फळीला खसाखसा घासू लागलं. गीताबाईने दोन्ही हातांनी काठ धरला.

"वाक!"

ती वाकली. दांडा पाठीवरून सण्णकन गेला, आणि हणमंतराव मोकळ्याने हसला. इतक्या वर्षांत असं हसणं तिने ऐकलं नव्हतं. ज्या वर्षांत ती त्याच्यापाशी नव्हती, त्या वर्षांतलं ते हसणं होतं. 

"तिकडं ह्या जागंवर कोण बसायचं?" तिने विचारलं.

"लई जण. एक चन्नबसप्पा होता, आपल्या भालकीचाच. त्याला दांडा दोनदा लागला..." आणि तो सांगू लागला. कोचीचा पाऊस, कारवारची बेटं, रात्री पाण्यात दिसणारा निळा उजेड. घरी कधी एक शब्द न काढलेला माणूस.

गीताबाई ऐकत राहिली. मधूनच तो "वाक" म्हणायचा, ती वाकायची. पलीकडचा काठ जवळ आला तसा त्याने शीड सैल सोडलं.

"आता परत जाऊ. भाकऱ्या थापायच्या असतील तुला."

"थापीन की," ती म्हणाली. "त्या बेटांचं अर्धंच सांगितलंव. आणखी एक फेरी मारा."