पहिल्या फोटोचा नंबर

ओळखपत्रांचे फोटो काढून काढून फोटोग्राफरचे डोळे आणि कंबर दोन्ही कामातून गेली होती. नवा कॅमेरा घरी आणताच त्याने खोक्याचं सील, लेन्सच्या कडा, पट्ट्याच्या घड्या, सगळं डोळ्यांत तेल घालून तपासलं. मग नेहमीचं मेमरी कार्ड आत सरकवून समोरच्या भिंतीचा फोटो काढला. कोऱ्या कॅमेऱ्याने पहिल्या फोटोला 'एक' हा नंबर द्यायला हवा होता. आला आठ हजार चारशे तेरा.

"घातली टोपी दुकानदाराने! वापरलेला कॅमेरा गळ्यात मारला!" म्हणत तो मटकन खाली बसला. भांडायला जायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

भाजी चिरता चिरता बायकोने मान वर केली. "अहो, कार्ड जुनंच घातलंत ना? मग त्यावरच्या फोटोंच्या पुढचाच नंबर येणार. मागच्या कॅमेऱ्याच्या वेळीही हाच गोंधळ घातला होतात."

त्याने पाहिलं. आठ हजार चारशे बारा नंबरवर कालचं शेवटचं गिऱ्हाईक होतं. कॅमेरा कोराच होता.

"एवढ्या फोटोंत माझा एखादा आहे का हो?" तिने सहज विचारलं.

"असेल की," म्हणत तो बटण दाबून एकेक फोटो मागे जाऊ लागला. भाजी चिरून झाली, शिजली, ताटंही वाढली गेली. त्याचा अंगठा अजून बटणावरच होता.