चार मात्रांची गिटार

आंब्याची फांदी तोडताना कोयता निसटला आणि सत्यवानच्या डाव्या हाताचं मधलं बोट कापलं गेलं. जखम भरली, पण बोट पूर्वीसारखं वाकेना. बांद्याच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं गिटार वाजवणारा माणूस एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना अडखळू लागला. लग्नसराईत त्याच्या जागी दुसरा आला.

एकदा त्याची मुलगी तन्वी घरच्या कॉम्प्युटरवर शाळेच्या नाटुकल्याचे संवाद कापून जोडत होती. तो पाहत राहिला.

"एकेक कॉर्ड तर माका अजून येता," तो बायकोला, किशोरीला म्हणाला. "येगळी येगळी रेकॉर्ड करतंय, मगे जोडतंय."

"जोडलेला कळतला."

"कळला तर परत करतलंय."

कळलंच. प्रत्येक सांध्यावर 'टक्' वाजायचं. मग तन्वीने दाखवलं तसं एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर थोडी चढवून त्याने तो आवाज घालवला. पंखा बंद, मिक्सर बंद, खिडकीला गोधडी. घामाने निथळत त्याने चार मात्रांचा एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारा तुकडा, तयार केला.

ऑर्केस्ट्रातला गायक जितेंद्र स्वतःचं गाणं रेकॉर्ड करत होता. सत्यवानने त्याला घरी बोलावून तोच लूप गाणंभर फिरवून ऐकवला.

"बरा आसा रे," जितेंद्र चाचरत म्हणाला. "पण सगळ्या कडव्यांक तोच तुकडो. माणूस वाजवता असा वाटणा नाय."

सत्यवानला लागलं ते. पण खरं होतं.

"आयतवारी ये," तो म्हणाला.

त्याने आधीचं सगळं पुसलं. आताही कॉर्ड सुट्या घेऊन जोडल्या, पण प्रत्येक फेरा वेगळा वाजवला: पहिल्या कडव्यात हलका हात, शेवटच्यात जोरकस. बोट सुजलं. किशोरी कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवायची. तो बोट शेकायचा आणि पुन्हा गिटार घ्यायचा.

रविवारी जितेंद्र ऐकता ऐकता गायलाच लागला. गाणं संपल्यावर म्हणाला, "मगे स्टेजवर कधी येतस?"

"स्टेजवर आता जमाचा नाय. हयसर जमता." हे इतक्या सहज बोलता आलं, याचं सत्यवानलाच नवल वाटलं. "गाण्यावर माझा नाव मात्र घाल."

"घालतंय. आणि आणखी एक गाणा आसा, ता पण तूच करशीत?"

सत्यवानने खुर्ची पुढे ओढली. "चाल म्हणून दाखय."