फुकटचा तिसरा हात

रंगाऱ्याला आसपासच्या चार गल्ल्या ‘तिसरा हात’ म्हणत, आणि त्यात टिंगल कमी, कौतुक जास्त होतं. भिंतीला रंगाचे दोन हात ठरवायचे, पैसे दोनाचे घ्यायचे, आणि भिंत मनासारखी उतरली नाही म्हणून तिसरा हात पदरचा द्यायचा, ही त्याची जुनी खोड. भाव सांगतानाही तो आधीच इतका खाली यायचा की गिऱ्हाइकाला घासाघीस करायला काही उरतच नसे. गिऱ्हाईक खूश, रंगारी खूश, आणि घरात त्याची बायको, जिला सगळे टेलरबाई म्हणत, कपाळाला हात लावून बसलेली.

एवढ्यावर निभावलंही असतं. पण मागच्या वर्षी त्याने चाळीस फ्लॅटांची अख्खी इमारत अंगावर घेतली. रंग उधारीवर उचलला, कामगारांच्या मजुरीसाठी दोन ठिकाणांहून कर्ज काढलं, आणि शेवटच्या जिन्याचा रंग वाळायच्या आत बिल्डर बेपत्ता झाला. कामगारांची मजुरी याने चुकती केली, त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवू नयेत. बाकीचं सगळं मात्र त्याच्या बोकांडी बसलं. त्यात घराचे बँकेचे हप्ते होतेच.

औषधांच्या दुकानाच्या वर कर्जाबद्दल सल्ला देणारं एक ऑफिस होतं. तिथली सल्लागार वयाने त्यांच्या लेकीएवढी, पण बोलायला एकदम सरळ.

“काका, काकू, रस्ते दोन आहेत,” ती म्हणाली. “एक म्हणजे परतफेडीचा करार. पाच वर्षं दर महिन्याला ठरलेला हप्ता माझ्याकडे भरायचा, मी तो तुमच्या घेणेकऱ्यांत वाटणार. पाच वर्षांनी राहील ते माफ. बँकेचा हप्ता वेगळा भरत राहिलात तर घर तुमचंच. दुसरा म्हणजे दिवाळखोरी. देणी संपतात, पण घर विकलं जातं.”

“आम्हाला पहिलाच,” रंगारी म्हणाला. “पै न् पै फेडीन मी.”

“हप्ते थकले तर करार मोडतो, काका. मग दुसराच रस्ता उरतो. म्हणून झेपेल तेवढंच लिहा.” तिने चार पानी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. उत्पन्न किती, खर्च किती, हप्त्याला उरतात किती.

घर म्हणजे टेलरबाईसाठी पुढची खोली. डाव्या हाताला खिडकी, खिडकीपाशी मशीन, माप घ्यायला कोपऱ्यात पडदा. बावीस वर्षं बायका त्या दारात येत होत्या, काहींच्या तर आता सुनाही येऊ लागल्या होत्या. भाड्याच्या कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर माप द्यायला कोण चढणार? घर गेलं तर तिचा धंदाही जाणार होता.

फॉर्म रंगाऱ्याने एका बैठकीत भरला. गुरुवारी सल्लागाराने तो वाचला आणि भुवया उंचावल्या. “हप्ता चांगला मोठा निघतोय. घेणेकरी एका दिवसात हो म्हणतील.”

रंगारी फुलला. सहीसाठी कागद बायकोपुढे आला, आणि तिने, कापड कापण्याआधी दोनदा मापणाऱ्या बाईने, तो वरपासून वाचायला घेतला. भाजी, निम्म्या भावाची. औषधं, शून्य. याच्या रक्तदाबाच्या गोळ्या काय शेजारी घेत होते? चप्पल, शून्य. घराची दुरुस्ती, शून्य, आणि पुढे बारीक अक्षरात ‘स्वतः करतो’. तिला ते अक्षर, ते आकडे, तो उत्साह सगळं ओळखीचं वाटलं.

“मॅडम,” ती म्हणाली, “हा खर्च नाहीये. हे यांचं कोटेशन आहे.”

“म्हणजे?”

“काम मिळावं म्हणून लिहिलेला भाव. मागाहून पदरचं घालायचं, ही सवय.”

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. “अगं, हप्ता कमी लिहिला तर घेणेकरी सही करणार नाहीत. घर जाईल.”

“आणि असं लिहिलं तर सातव्या महिन्यात जाईल. तोवरचे सहा महिने आपण फुकट उपाशी राहिलेलो असू.”

सल्लागाराने पेन्सिल काढली. तिघांनी मिळून खरा खर्च मांडला, गोळ्यांसकट, चपलांसकट. हप्ता निम्म्यावर आला. “एवढ्याला ते तयार होतील असं मला वाटत नाही,” ती म्हणाली. “खर्च आता खरा झाला. उत्पन्न वाढतं का बघा. पण वाढवून नुसतं लिहायचं नाही, दोन महिने कमवून दाखवायचं. तेवढे दिवस मी त्यांना थोपवते.”

घरी आल्यावर रंगारी खुर्चीत बसून राहिला. टेलरबाईने मात्र खिळ्यावरचा कागदी नमुन्यांचा गठ्ठा उतरवला आणि जमिनीवर पसरला. बाह्या, गळे, पाठी. कपडे बेतायला ती नवे कागद कधी घेत नसे. नवऱ्याची जुनी कोटेशनं कापून वापरायची. तिने एक बाही उलटी केली.

“दातांचा दवाखाना. ठरले होते सहा डबे. खाली तुमच्याच अक्षरात, लागले नऊ. वरचे तीन कोणाचे?”

“भिंत खात होती रंग.”

“हा गळा. शाळेचा व्हरांडा. दहा ठरले, लागले पंधरा.”

एकामागून एक नमुना उलटत गेला. आधी तो प्रत्येकाला कारण सांगत होता, मग नुसता हुं करू लागला, मग खाली येऊन तिच्याशेजारी मांडी घालून स्वतःच बेरीज करू लागला. तीन वर्षांत फुकट दिलेल्या रंगाचा आणि मजुरीचा आकडा निघाला तेव्हा त्याने त्याखाली दोन रेघा ओढल्या.

“बिल्डरने बुडवलं म्हणत होतो मी,” तो म्हणाला. “त्याच्या आधीपासून मीच बुडवत होतो.”

तिला वाईट वाटलं, पण तिने तसं नाही असं म्हटलं नाही.

चार दिवसांनी त्याच दातांच्या डॉक्टरचा फोन आला. दवाखाना पुन्हा रंगवायचा होता. टेलरबाईचा पाय मशीनवर थांबला. रंगाऱ्याने घसा खाकरला, दोनदा. “तीन हात लागतील,” तो म्हणाला, “आणि तिन्हींचे पैसे घेईन.” आकडा सांगताना त्याचा आवाज जरा चिरकला. पलीकडून काहीच येईना. त्याचं तोंड उघडलं, सवयीने भाव खाली आणायला. तिने नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

“मला वाटलं होतं त्याहून कमीच आहे,” डॉक्टर म्हणाला. “सोमवारी येता का?”

सगळे काही डॉक्टरसारखे निघाले नाहीत. त्या दोन महिन्यांत तिघांनी ‘फार झाले’ म्हणून फोन ठेवला, आणि प्रत्येक वेळी रंगाऱ्याला रात्री जेवण गेलं नाही. पण पाच कामं मिळाली, पुऱ्या पैशांची. उत्पन्नाचा रकाना खरा झाला, हप्ता घेणेकऱ्यांना पटेल असा झाला, आणि एका सकाळी सल्लागाराचाच फोन आला. करार मान्य झाला होता, पहिला हप्ता पाच तारखेला. टेलरबाईने फोन ठेवला आणि हातातल्या अर्धवट शिवलेल्या झग्यात तोंड खुपसून मनसोक्त रडली.

त्या रविवारी रंगाऱ्याने पुढची खोली रंगवायला काढली. दुसऱ्यांची घरं चमकवण्याच्या नादात बावीस वर्षांत तिला धड रंग लागला नव्हता. दुपारपर्यंत दोन हात झाले. तो स्टुलावरून उतरला, मागे सरकून त्याने भिंतीकडे बघितलं, आणि ब्रश धुवायला घेतला.

खिडकीशेजारी एक पट्टा जरा फिका राहिला होता. तिला दिसला, आणि त्यालाही दिसला असणार.

“तिसरा नाही देणार?” तिने विचारलं.

“पैसे कोण देणार?”

“द्या हो,” ती म्हणाली. “ही भिंत आपली आहे.”